घरीच शिकवताय आणि रात्री झोप लागत नाही? ख्रिस्ती आईबाबांसाठी पहिल्या वर्षाचा वाटाड्या

जूनचा मध्य. सकाळी सातला गल्लीच्या तोंडाशी स्कूलबसचा हॉर्न वाजला. नवी दप्तरं, नवे रेनकोट, फाटकापाशी उभं राहून हात हलवणाऱ्या आया. आमचा थोरला बनियनवर खिडकीत बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचत ती सगळी गंमत बघत होता. तो मजेत होता. पोटात गोळा आला तो माझ्या.

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या बहुतेकींना तो गोळा ओळखीचा असेल. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात कुणी विचारतं, "कुठल्या शाळेत घातलंय?" तेव्हा तो येतो. दिवाळीनंतर बाकीच्या मुलांच्या सहामाहीचे निकाल व्हॉट्सअपवर फिरतात, तेव्हाही येतो. आणि ख्रिस्ती घरात या गोळ्याला एक जास्तीची गाठ असते. आपण प्रार्थना करून निर्णय घेतला होता, मग आता धाकधूक होते म्हणजे आपला विश्वासच कमी पडला का, ही ती गाठ.

घर बरं की शाळा, हा वाद मी इथे घालणार नाही. ज्यांनी ठरवलंय, सुरुवात केलीय आणि आता हातपाय गळलेत त्यांच्यासाठी हे आहे. मी स्वतः या वाटेवर सात वर्षं आहे. दोन मुलं, दोन खोल्यांचं घर, आणि बी.कॉम.ची पदवी.

आधी एक शंभर पानी वही आणा

साधी, दुरेघी चालेल. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे शंका लिहायची, जशी मनात येते तशीच, सभ्य न करता. उजवीकडे एकच प्रश्न विचारायचा: याबद्दल सोमवारी सकाळी मी काय करू शकते?

माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीतल्या काही ओळी देते. "त्याला भागाकार येत नाही." उजवीकडे लिहिलं: रोज पाच गणितं, आधी चिंचोके वाटून. "माझं इंग्रजी बोलणं कच्चं आहे." उजवीकडे: चर्चच्या मंडळीतल्या निवृत्त शिक्षिकेला विचारायचं, आठवड्यातून एक तास मिळेल का. "मी काही शिक्षिका नाही, मी यांचं वाटोळं करतेय." इथे उजवीकडची जागा कोरीच राहिली. सोमवारी करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग त्याखाली मी लिहिलं, हा आवाज कुणाचा? खरं सांगायचं तर तो माझ्या नववीतल्या गणिताच्या सरांचा होता. वीस वर्षांपूर्वीचा.

महिनाभर लिहा. शंकांचे दोन ढीग आपोआप पडतील. एका ढिगात काम असतं. तो ढीग तुमचा मित्र आहे, शाळेत प्रगतिपुस्तक जे सांगतं तेच तो सांगतो. दुसऱ्या ढिगात नुसता आवाज असतो. या दोन्हींवर एकच औषध चालत नाही. भागाकार येत नसताना नुसती प्रार्थना करत बसलं तर भागाकार येत नाही, आणि नुसत्या आवाजावर आणखी एक वर्कबुक मागवलं तर आवाज थांबत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय.

पहिल्या ढिगासाठी बायबलमधल्या निर्गमचा चौथा अध्याय वाचा. मोशे म्हणतो, मी बोलका नाही, माझी जीभ जड आहे. देव त्याला "छे छे, तू किती छान बोलतोस" असं म्हणत नाही. त्याची उणीव खोटी ठरवत नाही. शेवटी काय करतो, तर बोलण्यासाठी त्याच्या भावाला, अहरोनाला, सोबत देतो. मला इंग्रजी येत नाही, तर इंग्रजीचा अहरोन शोधायचा. विज्ञानाचा वेगळा, पोहण्याचा वेगळा. घरी शिकवायचं म्हणजे सगळं आईनेच शिकवायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

कायद्याचं भूत एकदा उजेडात बघून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण पुष्कळ रात्रींची झोप इथेच अडकलेली असते. म्हणून बाबांना हे काम द्या, दोन संध्याकाळी लागतील.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असा तो कायदा. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. मात्र ते न पाळल्यास पालकांना अमुक शिक्षा, अशी तरतूद त्या कायद्यात नाही. घरच्या शिक्षणासाठी वेगळा परवाना नाही आणि नोंदणीही नाही. थोडक्यात, आपण करड्या जागेत उभे आहोत. "पूर्ण कायदेशीर आहे हो" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि "पोलीस येतील" म्हणणाऱ्या काकांवरही नको.

पुढे परीक्षेचं काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे आणि ती केंद्र सरकारची आहे. लहान मुलांसाठी तिथे अ, ब, क अशा तीन पातळ्या आहेत. त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या धरल्या जातात. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यमातूनसुद्धा. पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची: फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी, बारावी देता येते. दोन्हीकडचे नियम आणि तारखा बदलत राहतात, तेव्हा ज्या वर्षी बसायचं त्याच्या आदल्या वर्षी नीट पाहून ठेवा.

एका फाइलमध्ये जन्मदाखला, आधार, आधी शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, आणि दर महिन्याची दोन-चार पानं मुलाच्या हातची. फाइल कपाटात ठेवा. काका पुन्हा आले की चहा द्या.

पहिले सहा आठवडे वेळापत्रक करू नका

मूल शाळेतून काढलं असेल तर हे जरा मनावर घ्या. शाळा सुटली तरी मुलाच्या अंगातून उतरायला वेळ लागतो. ते पुस्तक बघितलं की तोंड फिरवतं, "हे परीक्षेला आहे का?" विचारतं, दुपारी लोळतं. आईला वाटतं, झालं, बिघडला. तसं काही नसतं. त्याला झोपू द्या, चित्रं काढू द्या, बाजारात न्या, गोष्टी वाचून दाखवा.

आणि स्वतःही झोपा. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर येतो. माझ्या वहीतल्या शंका तपासल्या तर निम्म्याहून जास्त मी रात्री दहानंतर लिहिलेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा धाकटीला दात येत होते त्या महिन्यातल्या.

दिवस किती तासांचा हवा?

नव्या आयांची सगळ्यात मोठी भीती हीच: शाळेत सहा तास शिकवतात, मी तर दोनच तास घेते.

हिशेब करून बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास. तेही कशासाठी, तर साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक धरून. त्या चार तासांत हजेरी आहे, फळ्यावरचं उतरवून घेणं आहे, "गप्प बसा" आहे, आणि तिसऱ्या बाकावरच्याला कळेपर्यंत बाकीच्यांनी थांबणंही आहे. तुमच्यासमोर एक मूल आहे, फार तर दोन-तीन. त्याला कळलं की नाही हे त्याच्या भुवयांवरून कळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन तास नीट बसवलं तरी पुष्कळ झालं.

इंग्लंडमध्ये शार्लट मेसन नावाच्या ख्रिस्ती शिक्षिका होऊन गेल्या (१८४२ ते १९२३). लहान मुलांचा धडा वीस मिनिटांच्या वर नेऊ नये, आणि वाचून झालं की मुलाने ते आपल्या शब्दांत सांगावं, असं त्या सांगत. हे दुसरं मी पहिल्या दिवसापासून उचललं, कारण त्याला पैसे लागत नाहीत. दाविदाची गोष्ट वाचायची आणि म्हणायचं, "आता तू सांग." आमच्याकडच्या गल्याथाने एकदा हेल्मेट विसरलं होतं, म्हणून तो हरला. असू दे.

आमचा दिवस सांगते, नक्कल करू नका, अंदाज घ्या. न्याहारीनंतर एक स्तोत्र आणि एक भजन, पेटी नाही, टाळ्या. मग गणित पंचवीस मिनिटं, कारण तेव्हाच डोकं ताजं असतं. मराठी वाचन, शुद्धलेखनाच्या पाच ओळी. खेळ. इंग्रजी. जेवणाआधी परिसर, इतिहास किंवा नुसती गच्चीवरची झाडं. दुपारनंतर पुस्तक माझ्या हातात नसतं. भाजी निवडताना अपूर्णांक होतात, आणि तो तास मी शाळा म्हणून मोजते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत जा असं आहे. तिथे टेबल-खुर्ची नाहीच.

(जाता जाता: याच अध्यायावरून "शाळेत घालणं शास्त्राविरुद्ध आहे" असं सांगणारी माणसं तुम्हाला भेटतील. त्या वचनांत शाळेचा शब्दही नाही. शेजारचं शाळेत जाणारं मूल आणि त्याची आई देवाला तेवढीच जवळची आहेत. आपला निर्णय टिकवायला दुसऱ्याचा निर्णय पाप ठरवावा लागत असेल, तर त्याची वहीत नोंद करा.)

अमेरिकेहून आलेल्या खोक्याविषयी

पहिल्या वर्षी मीही मागवलं. ख्रिस्ती अभ्यासक्रम, रंगीत पुस्तकं, १८० दिवसांचे १८० पाठ आखून दिलेले. खर्च आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढा. त्यातली काही पुस्तकं खरंच सुंदर आहेत. पण गणितात डाइम आणि निकेल ही तिथली नाणी, मापं इंचांत, हिवाळा म्हणजे बर्फ, आणि नोव्हेंबरात टर्की पक्षी. ऑक्टोबरपर्यंत आम्ही ४१ पाठ मागे होतो. कोणाच्या मागे, हे मात्र मला सांगता आलं नसतं.

ती पुस्तकं तुमच्या चाकरीला ठेवा, तुम्ही त्यांच्या चाकरीला लागू नका. पायाला बालभारतीची पुस्तकं घ्या. त्यांच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येतात, आणि मूल उद्या शाळेत गेलं किंवा फॉर्म १७ भरला तरी तीच लागतात. पाठांतराला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग आहेत. आमची धाकटी वाचायला लागण्याआधी त्यातले चार म्हणायची.

आणि आपल्या घरचीच एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) कुठल्या शाळेत शिकल्या? लहानपणी कुठल्याच नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि त्या लक्ष्मीबाईंनी घरची कामं सांभाळून पहाटे लेकीला उठवून शिकवलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या लेकीला "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. ते घर ख्रिस्ती नव्हतं; रमाबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ मध्ये, इंग्लंडात झाला. पुढे केडगावात निराधार स्त्रियांसाठीचं मुक्ती मिशन सांभाळता सांभाळता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर पुरं केलं. लक्ष्मीबाईंकडे डी.एड. नव्हतं.

मात्र एक सावधगिरी. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला थोरल्याला उठवलं. तो रडला, मी रडले, साडेसहाला दोघंही पुन्हा झोपलो. थोर माणसांशी तुलना ही पण तुलनाच. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईचं, सुझॅनाबाईंचं, असंच होतं: मुलांची रीघ, आणि रोज ठरलेल्या तासांची घरची शाळा. वाचून धाप लागते. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट घेतली. आठवड्यातली एक संध्याकाळ एका मुलासाठी राखून ठेवायची, फक्त त्याच्याशी बोलायला. आमच्याकडे मंगळवार थोरल्याचा, गुरुवार धाकटीचा. बहुतेक वेळा आम्ही कोपऱ्यावर जाऊन भजी खातो.

सासर, माहेर आणि चर्चचं अंगण

"साता आठं किती रे?" उपासना संपून चपला घालेपर्यंत कुणीतरी आपल्या मुलाची तोंडी परीक्षा घेतंच. मूल बिचकतं, आपला चेहरा पडतो. यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: "काका, तो आज सुट्टीवर आहे. बुधवारी घरी या, त्याचा तास घ्या." निम्मे हसतात. एक जण खरंच आले, आणि अजून येतात.

सासऱ्यांचं तसंच झालं. ते एसटीत कंडक्टर होते. वर्षभर ते माझ्याशी या विषयावर बोलले नाहीत, म्हणजे जेवताना उसासा टाकायचे. मग मी एकदा म्हटलं, "अप्पा, याला सुट्ट्या पैशांचा हिशेब काही केल्या जमत नाही, तुम्ही बघता का?" त्यांनी जुनी चामडी पिशवी काढली. घराची एसटी झाली, पुणे ते नगर, साडेतीन तिकिटं, शंभरची नोट, उरलेले किती? बेरीज, वजाबाकी, अर्धं तिकीट, सगळं दोन महिन्यांत झालं. आता तेच लोकांना सांगतात, "आमच्याकडे घरीच शिकवतात." जो टीका करतो त्याला तास द्या. सगळ्यांना नाही जमणार; काहींना फक्त चहाच द्यावा लागेल.

पाळकसाहेबांना मात्र आधीच स्वतःहून भेटा. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर गैरसमज होतो. शब्बाथशाळेत मूल नियमित जाऊ द्या, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होऊ द्या, आणि संध्याकाळी मैदानावर सोडा, जिथे सगळ्या धर्मांची पोरं असतात. "मिसळणार कसा?" या प्रश्नाचं उत्तर मैदान देतं, आपण वाद घालून देऊ शकत नाही.

तपासणी महिन्यातून एकदाच

रोज रात्री मुलाचं मूल्यमापन करणं म्हणजे पेरलेलं बी रोज उकरून बघणं. पहिला शनिवार ठरवा. मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. तीन महिन्यांनी जुनं ऐका. दुसऱ्या कुठल्याही मुलाशी नाही, त्याच मुलाच्या जुन्या आवाजाशी ताडून बघा. मी ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले होते, कारण जूनमध्ये "पा-ऊ-स" असं तुटक वाचणारा मुलगा ऑक्टोबरात स्वल्पविरामाला थांबत होता. रोज शेजारी बसून मला ते दिसलं नव्हतं.

तपासणीत कधी शंका खरीही निघते. आठ-नऊ वर्षांचं मूल वर्षभर प्रयत्न करूनही अक्षरं उलटसुलट करत असेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या आणि वाचन-अक्षमतेची चाचणी करून घ्या. यात तुमच्या शिकवण्याचा दोष नसतो. तुम्हालाच आठवडेच्या आठवडे रडू येत असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना करत करत जा, पण जा. मंडळीत कुणी "विश्वास कमी पडतोय" म्हणालं तर मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा. मुलाला घेऊन आलेला. माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासातही मला मदत करा, असं तो एका दमात म्हणाला. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून यायला सांगितलं नाही. पोराला बरं केलं.

आणि शाळेत परत घालावंसं वाटलं तर? घाला. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही. म्हणजे मागचं दार उघडं आहे. आमच्या ओळखीतल्या एका घराने दोन वर्षांनी मुलीला पाचवीत घातलं, ती रमली. ती दोन वर्षं वाया गेली असं तिची आई म्हणत नाही. आम्ही तर दर एप्रिलमध्ये चौघं बसून ठरवतो, पुढचं एक वर्ष घरी की शाळेत? मुलांना मत असतं. गेल्या वर्षी धाकटीने शाळेच्या बाजूने मत दिलं होतं, गणवेशाच्या टायसाठी. आम्ही टाय आणून दिला.

आज रात्रीपुरतं

नऊनंतर वही उघडायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. देवाने वाळवंटात खायला दिलेला मान्ना त्या दिवसापुरताच वेचायचा होता, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे, हे निर्गमच्या सोळाव्या अध्यायात आहे. दहावीचं, कॉलेजचं, नोकरीचं रात्री वेचायला बसलं की तसंच होतं. उद्यासाठी एक स्तोत्र शोधून खूण घालून ठेवा, गणिताचं एक पान दुमडून ठेवा, पेन्सिलींना टोक काढा. दुधाला विरजण लावा आणि दिवा मालवा. सातला बसचा हॉर्न वाजेलच.